स्कार्वॉयचा पिवळा रुमाल

१

चोरीला गेलं काय, तर एक विटका लोकरी स्वेटर, एक ठिगळाचा घागरा, एक एप्रन आणि एक पिवळा रुमाल. शहरातल्या फौजदाराकडे कोणी अशी तक्रार नेली असती, तर त्यानं कॉफी पाजून घरी पाठवलं असतं. पण रविवारी दुपारी आस्ता आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "माझे पाखरांचे कपडे गेले" म्हणाली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं तोंडाशी नेलेला बटाटा तसाच ताटात ठेवला. माझा नवरा सिवर्ट हा नेस गावचा फौजदार आहे. आमचं घरदार चोरीला गेलं असतं तरी त्यानं आधी तो बटाटा संपवला असता, हे मी शपथेवर सांगते.

बाहेरच्या माणसाला यात हसू येईल, म्हणून थोडं सांगते. स्कार्वॉय हे आमच्या खिडकीसमोरचं बेट. तिथं वस्ती नाही. खडक, खुरटं गवत आणि बारमाही वारा. वसंतात मात्र आयडर बदकं तिथं अंडी घालायला येतात. गावातली एक बाई त्यांच्यासाठी दगडी खोपटी रचते, आत वाळलेलं शेवाळ अंथरते आणि पिल्लं समुद्रावर जाईपर्यंत तिथंच झोपडीत राहून कावळे-कुरव हाकलते. मागे उरलेली मऊ पिसं तिची. पाखरं रानटीच, पण आपल्या राखणदारणीला ओळखतात. तोंडानं नव्हे, कपड्यांनी आणि चालीनं. म्हणून ती वर्षानुवर्षं तेच कपडे घालते. परक्या कपड्यांत कोणी चार पावलं टाकली, तर सगळी पाखरं एकदम उठतात, अंडी गार पडतात आणि पुढच्या वसंतात बेट रिकामं राहतं.

"मी सकाळी बाप्तिस्म्याला आले," आस्ता म्हणाली. "कपडे नेहमीसारखे धक्क्यावरच्या पेटीत ठेवले. परत गेले तर पेटी रिकामी. तशीच दोन पावलं टाकली, तर पुढच्या माद्यांनी माना वर केल्या. मी मागे फिरले."

"पिल्लांना किती वेळ आहे?" सिवर्टनं विचारलं.

"आठवडा. पण उद्यापर्यंत कोणी फेरी मारली नाही, तर कावळ्यांना कळेलच. मग माझं बेट संपलं, सिवर्ट."

'सिवर्ट' म्हणाली. फौजदार नाही. माझ्याशी लग्न व्हायच्या आधी एका जत्रेत हा तिच्याबरोबर रात्रभर नाचला होता. त्याला आता जमाना झाला, आस्ताचे केस पांढरे झाले आणि सिवर्टचे उरलेच नाहीत. तरी तो रोज सकाळची कॉफी बेटाकडे तोंड करून पितो. चष्मा नसला तरी तिचा पिवळा रुमाल त्याला बरोबर दिसतो.

तो होडी काढायला निघाला. माझा घोटा सुजला होता म्हणून मी चर्चला गेले नव्हते. पण त्या दोघांना एका होडीत एकटं सोडण्याइतका तो काही दुखत नव्हता.

२

धक्का म्हणजे एक सपाट खडक. त्यावर पेटी आणि दहा हातांवर पहिलं खोपटं. त्यापुढे आम्हाला जायची सोय नव्हती. खोपट्यातून एक तपकिरी मादी आमच्याकडे रोखून बघत होती.

सिवर्टनं पेटी पाहिली. कडी शाबूत, आत काही नाही. आस्ता मात्र त्या खोपट्याकडेच टक लावून होती.

"हे छप्पर परवाच्या वादळात घसरलं होतं," ती हळूच म्हणाली. बेटावर सगळे हळूच बोलतात. "आज येऊन बसवणार होते. हे कोणी बसवलं?"

छपराचा दगड नीट जागेवर होता. खालून, आतल्या बाजूनं, त्याला एक चपटी दगडी पाचर मारलेली होती.

"तू नाही?"

"मी फटीत शेवाळ भरते. पाचर कधी मारत नाही."

"चोर आला, कपडे नेले आणि जाताना छप्पर दुरुस्त करून गेला," सिवर्ट म्हणाला. "असले चोर मला आणखी दोन-चार मिळाले तर बरं होईल."

आस्ता हसली. त्याच्या विनोदावर माझ्याखेरीज हसणारी तीच एक, आणि मी तर हसायचं केव्हाच सोडलं आहे.

मला राहवलं नाही. "कशाला नाटक करतेस, आस्ता? तू सकाळी चर्चमध्ये नव्हतीसच. दुपारच्या आधी तू इथं वर चालत होतीस. मी दुर्बिणीतून पाहिलं."

आस्ताचा चेहरा उतरला. सिवर्ट माझ्याकडे वळला.

"पेत्रा, आस्ता चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर होती. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत."

"बरीच नीट पाहिलीस वाटतं."

"पाहिली. आता तू सांग, तू काय पाहिलंस?"

पाण्यावरचा वारा एकदम अंगाला झोंबला. कारण मी पाहिलं होतं ते खरं होतं.

३

घरी आल्यावर सिवर्टनं मला खुर्चीत बसवलं आणि परक्या साक्षीदारासारखं विचारलं. एक बाई, डोक्याला रुमाल, घागरा, खांद्यावर शाल, धक्क्याकडून वर चढणारी. मग झोपडीमागे दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं खाली आली. होडी धक्क्याच्या पलीकडच्या बाजूला असावी, मला दिसली नाही.

"ती आस्ताच, हे कशावरून?"

"पाखरं उठली नाहीत म्हणून. दुसरं कोण असणार?"

तो खिशात पाइप चाचपत राहिला. "दुर्बीण तू नेहमीच तिकडे लावतेस का?" एवढंच विचारलं.

"तू नेहमी काय बघतोस ते बघायला," मी म्हटलं. तोही विषय तिथंच थांबला.

आधी आम्ही आयलर्टकडे गेलो. आयलर्ट हा आस्ताचा नवरा, कॉडमासे धरणारा, अंगानं दांडगा आणि बोलण्यानं तुटक. तो एकटा गावच्या धक्क्यावर जाळं सांधत होता. रिकामी पेटी आणि बसवलेलं छप्पर, दोन्ही आस्तानं त्याला आधीच सांगितलं होतं. सकाळी समुद्रावर होता म्हणाला. बरोबर कोणी? नाही.

"मला विचारायला आलास ते बरोबर आहे," तो म्हणाला. "लग्न माझ्याशी आणि वसंत आला की संसार पाखरांशी. मला तिथं पाय ठेवायची चोरी. माझ्या अंगाला माशाचा वास येतो म्हणे. त्यांना काय अत्तराचा येतो?"

"म्हणून कपडे नेलेस?"

"न्यायचे असते तर तिला बेट मिळालं त्याच वर्षी नेले असते. आता सवय झाली." त्यानं सुई जाळ्यात खुपसली. "एक सांग, सिवर्ट. मी नेले असते, तर छप्पर बसवलं असतं का? त्या बदकाच्या डोक्यावर पडलं असतं तर मी टोपी काढून उभा राहिलो असतो."

त्याचं म्हणणं मला पटलं. बायको एखाद्या ठिकाणावर जीव टाकते हे बघत जगणं काय असतं, ते कोणी मला शिकवायला नको.

थ्राने मास्तरांवर माझा संशय जास्त होता. दक्षिणेकडून आलेला हा शाळामास्तर वर्षभर आस्ताच्या मागे लागला होता, पाखरांचे जवळून फोटो काढू द्या म्हणून. आस्तानं नाही म्हटलं होतं. आणि एप्रिलमध्ये त्यानं दुकानातून बायकांची शाल घेतली, हे मला दुकानदारणीकडून कळलं होतं. मास्तर अविवाहित. आई नाही, बहीण नाही.

"शाल कुणासाठी घेतलीत, मास्तर?" मी सरळच विचारलं.

मास्तर लाल झाले. "फौजदारसाहेब, हे गावात सांगू नका. मी ती स्वतः पांघरली. रुमालही बांधला. घागरा... शेजारणीचा वाळत होता. होडीनं बेटाजवळ गेलो. एक पाय धक्क्यावर ठेवला नाही तोच जवळची सगळी पाखरं उडाली. तसाच परतलो. सुदैवानं तेव्हा अंडी नव्हती."

सिवर्ट हसला नाही, ही त्याची खुबी. "म्हणजे नुसतं बाईचं सोंग चालत नाही."

"मुळीच नाही. त्यांना फसवायला त्यांच्याच ओळखीचं काहीतरी लागतं."

बाहेर आल्यावर सिवर्ट रस्त्यातच थांबला. "ऐकलंस? तुला दिसलेल्या बाईला पाखरं ओळखत होती. आणि ती आस्ता नव्हती."

४

उरली राग्ना. राग्ना आयलर्टची थोरली बहीण, म्हणजे आस्ताची नणंद. लग्न केलं नाही, आईच्या घरात एकटी राहते. त्यांची आई बेर्ता आस्ताच्या आधी स्कार्वॉयची राखणदारीण होती. बेट राग्नाला मिळणार असं सारा गाव धरून चालला होता. पण बेर्तानं शेवटच्या वर्षी सगळ्यांच्या देखत आपल्या हातानं विणलेला पिवळा रुमाल सुनेच्या डोक्याला बांधला आणि बेट तिला दिलं. राग्ना तेव्हा चुलीपाशी वॅफल्स भाजत होती. त्या दिवशीचे सगळे वॅफल्स करपले होते, मला चांगलं आठवतं.

ती अंगणात मेंढ्यांचा दगडी बांध दुरुस्त करत होती. हिवाळ्यात बर्फावर पडल्यापासून तिचा गुडघा धरला आहे. ती वाकून, सावकाश, एकेक पाऊल तोलून चालते. एके काळी ती रस्त्यानं निघाली की खिडक्या वाजायच्या.

"आस्ताचे कपडे गेले म्हणे," तीच आधी म्हणाली. "वाईट झालं." दगड बसवून तिनं आतल्या बाजूनं एक चपटी पाचर मारली आणि तळहातानं ठोकली. "आतून मारली की वारा बापजन्मात हलवत नाही."

"तुला कोणावर संशय?"

"मला कशाला विचारता? मी त्या बेटावर पाय ठेवला तर पाखरं उडतात. आई म्हणायची, राग्ना, तू चालतेस की ढोल बडवतेस. लहानपणी एकदा माझ्यामुळे अर्ध्या माद्या उठल्या. त्यानंतर आईनं मला कधी धक्क्यापुढे नेलं नाही. होडीत बसून मी तिला वर चालताना बघायची." तिनं पुढचा दगड उचलला. "मग आस्ता आली. हलक्या पायाची. ती पहिल्याच दिवशी वर गेली."

हे ती अगदी सरळ आवाजात बोलली. माझा घोटा ठणकायला लागला होता, म्हणून मी फाटकाजवळच्या धोंड्यावर जाऊन बसले. ते दोघं आणखी थोडा वेळ बोलले. सिवर्ट परत आला तो मान खाली घालून.

५

जेवताना तो म्हणाला, "आस्ताचं निदान यंदापुरतं भागावं म्हणून मी राग्नाला विचारलं, बेर्ताचे पाखरांचे कपडे असतील का. जुन्या माद्या त्या कपड्यांना ओळखत असतील, या पाखरांना आयुष्य मोठं असतं. जुन्या बसून राहिल्या की नव्याही बसतात. पण नाहीत म्हणाली. बेर्ताला त्याच कपड्यांत पुरलं म्हणे."

मी चमचा खाली ठेवला.

"कोण म्हणतं? बेर्ताला अखेरचं न्हाऊमाखू मी घातलं. काळा रविवारचा पोशाख घातला, पांढरी कॉलर लावली. राग्ना माझ्या शेजारी उभी होती. कंगवा तिनंच दिला मला."

सिवर्ट उठून खिडकीशी गेला. या वेळी मात्र तो बेटाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"पेत्रा, तुला दिसलेल्या बाईच्या रुमालाचा रंग कोणता?"

मी डोळे मिटले. वर चढणारी ती आकृती, वाकलेली, सावकाश. मला कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

"काळपट होता. पिवळा नव्हता. पिवळा असता तर मी..." मी थांबले. "तो रुमाल मी कुठंही ओळखते, सिवर्ट. आणि आज तो नाही हे मला दिसलं नाही."

"कारण तू पाखरं बघितलीस. पाखरं बसून आहेत म्हणजे राखणदारीण, संपलं. या गावात कोणीही असंच केलं असतं. आपण बेटावरच्या माणसाकडे बघतच नाही." तो परत येऊन बसला. "ती आली तेव्हाच पाखरांच्या ओळखीच्या कपड्यांत होती. आस्ताच्या नाही. आस्ताच्या आधी पाखरांनी फक्त एकीचे कपडे पाहिलेत. वर जाताना घसरलेलं छप्पर दिसलं आणि जन्मभर राखणदारणीची मुलगी असलेल्या बाईला ते तसंच टाकून पुढे जाववलं नाही. तिनं ते आईच्या पद्धतीनं बसवलं, आतून पाचर मारून."

"आज बांधाला मारत होती तशी."

"आज बांधाला मारत होती तशी," तो म्हणाला.

६

राग्नानं दार उघडलं तेव्हा आम्ही तिघं होतो. आस्ताला मागे ठेवणं शक्य नव्हतं. सिवर्टनं आरोप वगैरे काही केला नाही. "बेर्ताची पेटी उघड, राग्ना," एवढंच म्हणाला.

तिनं वाद घातला नाही. पेटीतून तंबाखूच्या पानांचा वास आला; कसर लागू नये म्हणून आमच्याकडे कपड्यांत ती पानं घालतात. वरच करडी शाल होती. शालीच्या टोकाला ताजं शेवाळ चिकटलेलं होतं.

"मला चोरी करायची नव्हती," राग्ना म्हणाली. "फक्त एकदा वर जायचं होतं. गुडघा धरल्यापासून मी म्हाताऱ्या आईसारखीच वाकून चालते, आरशासमोरून जाताना मला आईच दिसते. म्हटलं, बघू तरी. सगळा गाव चर्चमध्ये होता." ती खाटेच्या कडेवर बसली. "एकही उठलं नाही, सिवर्ट. एकही नाही. मी वाकून घरट्यात हात घातला. मादी तशीच बसून राहिली. तिच्या पोटाखाली केवढी ऊब असते, ते मला या वयात कळलं."

"मग माझे कपडे कशाला घेतलेस?" आस्तानं विचारलं.

"परत येताना पेटी उघडली. वरच आईचा रुमाल होता." राग्नानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तो आईनं माझ्यासाठी विणायला घेतला होता. लोकर मी निवडली होती. उद्यापासून तू परत तो बांधून वर चालणार आणि मी खिडकीतून बघणार. त्या क्षणी मला ते सहन झालं नाही. दगड बांधला आणि सगळं खोल पाण्यात सोडून दिलं."

मग आस्ता अगदी हळू, बेटावर बोलतात तसं म्हणाली, "पाखरं तुझ्यासाठी बसून राहिली नाहीत, राग्ना. आईंसाठी राहिली."

"माहीत आहे," राग्ना म्हणाली.

आस्तानं पेटीतली शाल, घागरा आणि काळपट रुमाल उचलून छातीशी धरला. "बेट आईंनी मला दिलंय. हे मी घालणार."

७

सोमवारी सकाळी समुद्र सपाट होता. सिवर्टनं दोघींनाही होडीत घेतलं, आणि अर्थात मलाही. धक्क्यावर आस्तानं सासूचे कपडे चढवले. बेर्ता ठेंगणी होती. घागरा आस्ताच्या पोटऱ्यांपाशीच संपला. ती ताठ, हलक्या पावलांनी पुढे झाली. तिसऱ्या की चौथ्या पावलाला पहिल्या खोपट्यातली मादी उठली. मग तिच्या पलीकडची. पंखांचा आवाज वर सरकत गेला. बेर्ताच्या रुमालाखाली बेर्ता नव्हती, ते त्यांना कळलं होतं.

आस्ता लगेच मागे आली. अंडी किती लवकर गार पडतात ते तिला ठाऊक होतं. जिद्द धरून ती एक पाऊलही पुढे गेली नाही. उठलेल्या माद्या हळूहळू परतल्या. वर खडकावर दोन कावळे येऊन बसले होते.

तिनं कपडे उतरवले, नीट घडी केली आणि बराच वेळ हातात धरून ठेवले. मग राग्नाकडे न बघता पुढे केले.

"उत्तरेच्या बाजूला तीन खोपटी आहेत, त्यांना आधी बघ," ती म्हणाली. "तिथं वारा लागतो."

राग्नानं कपडे घातले. वाकून, गुडघा सांभाळत, एकेक पाऊल तोलत ती वर चढत गेली. त्या माद्यांपैकी एकीनंही मान वर केली नाही. कावळे उडाले.

सिवर्टनं कागदावर काही लिहिलं नाही. चोराला शिक्षा म्हणावी, तर चोराला पिल्लं बाहेर पडेपर्यंत बेटावर राहायचं होतं. शिक्षा कोणाला झाली ते तेव्हाच आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता रोज सकाळी आस्ता आमच्या स्वयंपाकघरात येते. मी तिला दुर्बीण देते. सिवर्ट खिडकीकडे पाठ करून कॉफी पितो. बेटावर बघण्यासारखं त्याच्यासाठी काही उरलेलं नाही, आणि जे आहे ते टेबलापलीकडे बसलेलं असताना वर बघायचं धाडस त्याला होत नाही. मी दोघांच्या मध्ये बसते.

काल तिनं दुर्बीण खूप वेळ खाली ठेवली नाही. राग्ना वर फेरी मारत होती, पाखरं शांत होती, सगळं ठीक चाललं होतं. दोन दिवसांत पिल्लं बाहेर पडतील.

"एकही उठलं नाही," आस्ता म्हणाली. मग दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच म्हणाली, "पेत्रा, एखादं तरी उठावं असं वाटतं गं मला. एकच."

मी तिच्यापुढे साखरेचं भांडं सरकवलं. तिला कॉफीत साखर लागत नाही, हे मला सिवर्टपेक्षा जास्त वर्षं माहीत आहे. पण तिनं दोन चमचे घातले आणि ढवळत राहिली.